कोर्टाने सोडलं, मग बोर्डाने का नाही?

अमरावतीचा जितेश शर्मा अन् अकोल्याचा अथर्व तायडे आयपीएल खेळले आहेत. त्यामुळे आपल्या वऱ्हाडातल्या पोरांना क्रिकेट म्हणजे घरचाच विषय. परवा मधल्या सुट्टीत एकाने मला विचारलं, "सर, बाबा म्हणे कोर्टाने श्रीशांतले सोडलं होतं. मग बोर्डाने त्याले खेळू काऊन नाही देल्लं?"

पोराचा प्रश्न सोपा नाही. मे २०१३ मध्ये स्पॉट फिक्सिंगच्या आरोपावरून राजस्थान रॉयल्सचे तीन खेळाडू मुंबईत पकडले गेले: श्रीशांत, अजित चंडिला आणि आपला मुंबईकर फिरकीपटू अंकित चव्हाण. सप्टेंबरमध्ये बोर्डाने श्रीशांत आणि अंकितवर आजीवन बंदी घातली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने ३६ जणांना दोषमुक्त केलं. मोक्का लावला होता, पण तो टिकला नाही. खटला उभा राहण्याआधीच संपला. बोर्डाने बंदी तशीच ठेवली.

पोरांना हा अन्याय वाटतो. मला तसं वाटत नाही. कोर्ट माणसाला तुरुंगात टाकू शकतं, म्हणून तिथे वाजवी शंका उरली तरी आरोपी सुटतो. बोर्ड फक्त आपल्या मैदानावर कोण खेळेल एवढंच ठरवतं. तिथे 'हे घडलं असण्याचीच शक्यता जास्त' इतकं दिसलं तरी कारवाई होऊ शकते. शिवाय कोर्टाने सोडलं याचा अर्थ 'त्याने केलंच नाही' असा दरवेळी होत नाही.

पण पुरावा कमी चालतो म्हणून शिक्षा कितीही द्यावी का? मार्च २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोषाचा निर्णय बदलला नाही, आजीवन बंदी मात्र रद्द केली आणि शिक्षेचा फेरविचार करा म्हटलं. मग ती सात वर्षांवर आली, म्हणजे सप्टेंबर २०२० पर्यंत. अंकितचीही पुढे तेवढीच झाली, पण त्याला मोकळं व्हायला २०२१ उजाडलं. २०१३ मध्ये तो सत्तावीस वर्षांचा होता. खेळाडूची सात वर्षं म्हणजे काय, ते सांगायला नको.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. दोन वर्षांपूर्वी केंद्रस्तरीय स्पर्धेच्या दिवशी सकाळी आमच्या कबड्डी संघातल्या एका पोराच्या दप्तरातले पन्नास रुपये गेले. दुसऱ्या एका पोरावर संशय आला. एकाच मुलाने 'मी पाह्यलं' म्हटलं, अन् मी त्या पोराला संघातून काढलं. त्याला विचारलंसुद्धा नाही. वर्षभर घेतलंच नाही. पैसे कोणी घेतले, मला आजही माहीत नाही. बोर्डाने निदान चौकशी केली होती, म्हणणं ऐकलं होतं. मी तेवढंही केलं नाही.

आता असं काही झालं की आधी त्या पोराला एकट्याला बसवून विचारतो, घरच्यांना बोलावतो. संशय दाट असला तर एक सामना बाहेर बसवतो, वर्षभर नाही. तो पोरगा आता हायस्कूलला आहे. कबड्डी खेळत नाही म्हणतात.