भेंडीची विविधता पाकिटात गाडू नका

भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग अख्खे पानच पिवळे होते, आणि फळे आखूड, पांढुरकी, राठ निघतात. हाच केवडा, म्हणजे यलो व्हेन मोझॅक. 1924 साली तत्कालीन मुंबई इलाख्यातून त्याची नोंद झाली. विषाणू पांढरी माशी पसरवते. नांदेडकडे भेंडीच्या शेजारीच कापूस असतो आणि माशी तिथेही पोसते. फवारणीने माशी कमी होते, पण रोग लागलेले झाड काही बरे होत नाही. टिकाऊ उपाय वाणातच शोधावा लागतो.

तो पूर्वी मराठवाड्यातच शोधला गेला. ‘पुसा सावनी’ हे दिल्लीचे वाण सुरुवातीला केवड्याला दाद देत नव्हते. पुढे तेही बळी पडू लागले. परभणीच्या कृषी विद्यापीठातील एन. डी. जांभळे व वाय. एस. नेरकर यांनी त्याचा संकर ‘मॅनिहॉट’ या भेंडीच्याच कुळातील वेगळ्या जातीशी केला. अशा दूरच्या संकरातील पहिली पिढी बहुतांशी वांझ निघते. म्हणून तिचा पुन्हा पुसा सावनीशी संकर करून, पिढ्यान्‌पिढ्या निवड करत ‘परभणी क्रांती’ घडले. 1986 साली त्याचे वर्णन शास्त्रीय नियतकालिकात छापून आले. बाजारातल्या भेंडीत नसलेला गुण नात्यातल्या भेंडीत होता, म्हणूनच हे जमले.

भेंडीतली अशी विविधता मात्र नुसती डोळ्यांनी मोजता येत नाही. दोन झाडांच्या उंचीतला फरक पाण्याचा असतो, खताचा असतो, नाहीतर बियाण्याचा. पैदासकाराला यातला बियाण्याचाच वाटा उपयोगी, कारण तोच पुढच्या पिढीत उतरतो. म्हणून अनेक वाण एकाच शेतात, पुनरावृत्ती करून लावतात आणि फळांची संख्या, फळाचे वजन, पहिले फूल येण्याचे दिवस मोजतात. ज्या गुणाची आनुवंशिकता जास्त आणि निवडीने सुधारणाही जास्त, तिथे साधी निवड पुरते. भेंडी बहुतांशी स्वपरागी असली तरी मधमाश्यांमुळे तिच्यात परपरागीकरणही बरेच होते; बियाणे राखताना फुले झाकली नाहीत, तर शुद्धता जाते.

आज शेतकऱ्याच्या हाती प्रामुख्याने संकरित बियाण्याचे पाकीट येते. त्यातून जोमदार, एकसारखी भेंडी मिळते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच्या फळांचे बी पुढच्या वर्षी पेरले की पीक विस्कटते, आणि घरचे बी तोवर संपलेले असते. परभणी क्रांतीची प्रतिकारशक्तीही काळाबरोबर ढासळली, कारण विषाणू बदलत राहतो. पुढचा प्रतिकारक गुण बांधावरच्या आठ कडांच्या गावरान भेंडीत असेल किंवा रानभेंडीत. तिचे बी कोणी उचललेच नाही, तर तो हाती कसा लागणार?

2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा, इतकेच नव्हे तर ब्रँडच्या नावाखेरीज विकण्याचाही हक्क दिला आहे. तो नांदेड-लातूरच्या गावांत वापरला जावा. परभणीच्या विद्यापीठाने या दोन्ही जिल्ह्यांतील गावरान व रानभेंडीचे बी गोळा करून केवड्याच्या तडाख्यातच तपासावे आणि लातूरच्या कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालयाला या कामात घ्यावे. बियाणे अनुदान ठरवताना केवळ पाकिटांचा विचार न करता या राखणीसाठीही तरतूद व्हावी.