खाम नदी : घाण कोणाची, खर्च कोणाचा?

खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचे पोवाडे गेली काही वर्षे छत्रपती संभाजीनगरात गाइले जात आहेत. महानगरपालिका, छावणी परिषद आणि एका उद्योगसमूहाचे प्रतिष्ठान यांनी मिळून काठावरचा कचरा उचलला, झाडे लावली. झाले ते चांगलेच झाले. परंतु काठ म्हणजे नदी नव्हे.

जटवाड्याच्या डोंगरातून निघालेली ही नदी हर्सूल, बेगमपुरा, पाणचक्की, छावणी असे करीत वाळूजकडे जाते आणि शेवटी नाथसागरास मिळते. पाणचक्कीचे जाते खामच्या प्रवाहावर नव्हे, डोंगरातील झऱ्यांतून खापरी नळांनी आणलेल्या पाण्यावर फिरे. सरंजामी राज्यकर्त्यांनाही स्वच्छ पाण्याची किंमत कळत होती! आज शहराचे सांडपाणी आणि वाळूज औद्योगिक वसाहतीतील रसायने ज्या नाथसागराच्या वाटेला लागतात, त्याच नाथसागराचे पाणी शहर पिते. तेथेच १९८६ साली पक्षी अभयारण्य जाहीर झाले. तेथेच मच्छीमार जाळे टाकतो.

प्रतिष्ठानाची देणगी म्हणजे उद्योगांचे देणे नव्हे. देणगी मर्जीची असते. देणे वसूल करावे लागते. जर्मनीच्या रूर खोऱ्यातील एमशर या लहान नदीचे उदाहरण पाहावे. कोळशाच्या खाणी व पोलादाचे कारखाने यांनी तिचे उघडे गटार केले होते. १८९९ साली तेथे जो संघ स्थापन झाला, त्यात खाणमालक, कारखानदार व नगरपालिका यांना सक्तीने सभासद व्हावे लागले आणि घाणीच्या प्रमाणात वर्गणी भरावी लागली. जर्मन भांडवलदार काही साधुसंत नव्हते. याच संघाने आधी नदी सिमेंटच्या पन्हळीत कोंबली. पण वसुलीची यंत्रणा हाताशी होती, म्हणून १९९२ पासून भूमिगत वाहिन्या घालून २०२१ च्या अखेरीस एमशर सांडपाण्यातून मोकळी करता आली. खर्च पाच अब्ज युरोंहून अधिक. त्यात सरकारी पैसाही होता.

आपल्याकडे जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९७४ चा आहे, राज्याचे मंडळ तर १९७० चे. तरीही नदीशुद्धीचा विषय निघाला की राज्यकर्त्यांची नजर प्रथम काठावरच्या झोपडीकडे वळते, कारखान्याच्या नळाकडे नव्हे. आमची मागणी साधी आहे. वाळूजच्या प्रत्येक कारखान्याचे सांडपाणी मोजावे, त्या मापाने वर्गणी बसवावी आणि मोजणीचे आकडे दरमहा नदीकाठच्या गावांतील ग्रामपंचायतींच्या फलकांवर मराठीतून लावावेत.