विश्लेषण : डिस्टिलरीतून हवेत सुटणाऱ्या वायूचे इंधन होईल का?

मे २०२१. करोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालये ऑक्सिजनच्या टँकरची वाट पाहत होती, तेव्हा कळंब तालुक्यातील चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने इथेनॉल प्रकल्पात फेरबदल करून ऑक्सिजन तयार केला. त्याचे देशभर कौतुक झाले, पण त्यामागचे विज्ञान फारसे चर्चेत आले नाही. इथेनॉलमधील शेवटचे पाणी काढण्यासाठी झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खड्यांचा थर वापरतात. पाणी खड्यांत अडकते, इथेनॉल पुढे जाते. दुसऱ्या जातीचे झिओलाइट घेतले की हवेतील नायट्रोजन अडकतो आणि ऑक्सिजन पुढे जातो. काय अडकणार आणि काय सुटणार, हे पदार्थाचा पृष्ठभाग ठरवतो. याच डिस्टिलरींतून सुटणाऱ्या आणखी एका वायूचे भवितव्यही अशाच एका पृष्ठभागावर अवलंबून आहे.

कोणता वायू वाया जातो?

मळी किंवा उसाचा रस आंबवला की इथेनॉलसोबत कार्बन डायऑक्साइड निघतो. एक लिटर इथेनॉलमागे सुमारे पाऊण किलो. म्हणजे दिवसाला ३० हजार लिटर इथेनॉल काढणाऱ्या प्रकल्पातून रोज साधारण साडेबावीस टन. बॉयलरच्या धुरात हा वायू नायट्रोजनात मिसळलेला असतो, आंबवण्याच्या टाकीतून मात्र तो जवळपास शुद्ध मिळतो. काही ठिकाणी तो शीतपेये किंवा ड्राय आइससाठी पकडतात. बाकीचा हवेत जातो. उसाने हा कार्बन हवेतूनच घेतलेला असल्याने, सौर किंवा पवन विजेवर तयार केलेल्या हायड्रोजनशी त्याचा संयोग घडवला तर मिळणारे मिथेन किंवा मिथेनॉल हे नवीकरणीय इंधन ठरते.

प्लाझ्मा कशासाठी?

कार्बन डायऑक्साइड हा रेणू भलताच आळशी. त्याचे मिथेनॉल करायचे तर तांबे-जस्ताचा उत्प्रेरक, दोनशे ते तीनशे अंश तापमान आणि वातावरणाच्या पन्नास-शंभर पट दाब लागतो. असा प्रकल्प ढग आले म्हणून बंद आणि ऊन पडले म्हणून चालू करता येत नाही.

प्लाझ्माचा मार्ग वेगळा आहे. घरातली जुनी ट्यूबलाइट आठवा. पेटलेल्या नळीला हात लावता येतो, पण आतल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा हजारो अंश तापमानाइतकी असते. हेच इलेक्ट्रॉन कार्बन डायऑक्साइडवर आदळले की रेणू थरथरू लागतात, काही तुटतात. शेजारी उत्प्रेरक असेल तर कमी तापमानात, साध्या दाबाखाली अभिक्रिया पुढे सरकू शकते आणि बटण दाबताच थांबतेही. विजेच्या अशा स्रावाने ओझोन बनवण्याचे उपकरण वेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८५७ मध्येच केले होते. त्याच तत्त्वावरची यंत्रे आजही पाणी शुद्ध करतात. त्या स्रावात उत्प्रेरक ठेवून इंधन बनवायचे, हा प्रयत्न मात्र अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे.

मग अडते कुठे?

उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर नेमके काय घडते, तिथे. कार्बन डायऑक्साइड वायूतच तुटतो आणि तुकडे येऊन पृष्ठभागाला चिकटतात, की थरथरणारा अख्खा रेणू चिकटून मग तुटतो? हायड्रोजनचा अणू वरून येऊन चिकटलेल्या रेणूवर आदळतो, की शेजारी शेजारी चिकटलेले दोघे एकत्र येतात? प्रत्येक उत्तराला उत्प्रेरक वेगळा लागेल. बाजार समितीच्या फाटकावर बसून आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या गाड्या मोजल्या, तर आत सौदा कसा ठरला हे कळत नाही. या क्षेत्रातले अनेक प्रयोग असेच फाटकावरचे आहेत.

आत डोकावणे अवघड आहे. पृष्ठभागावरच्या घडामोडी फार अल्पकाळ टिकतात, प्लाझ्माचा स्वतःचा उजेड मोजणीत शिरतो, उच्च दाबाची वीज उपकरणांत गोंधळ माजवते. अवरक्त किरण उत्प्रेरकावर टाकून त्यातले कोणते शोषले गेले ते पाहिले की कोणता रेणू चिकटला आहे हे ओळखता येते. जड कार्बन वापरून त्या कार्बनचा प्रवासही शोधता येतो. शिवाय एक साधी तपासणी हवीच. उत्प्रेरकाचे खडे नळीत भरल्याने प्लाझ्माच बदलतो, थोडी उष्णताही वाढते. धातू नसलेले तसेच खडे भरून तुलना केली नाही, तर श्रेय उत्प्रेरकाचे की नुसत्या गरमीचे, हे कसे सांगणार?

धाराशिवने यात काय करावे?

प्रयोगशाळेत सिलिंडरमधला शुद्ध वायू वापरतात. डिस्टिलरीच्या वायूत इथेनॉलची वाफ, ॲसिटाल्डिहाइड आणि गंधकाच्या संयुगांचे अंश असतात. गंधक तर निकेलचा वैरीच. त्याचा थर बसला की उत्प्रेरक निकामी होतो. प्लाझ्मा तो थर झटकून टाकेल की आणखी घट्ट बसवेल? मळी बदलली की हे अंशही बदलतील. हे आपल्याच वायूवर तपासायला हवे.

त्यासाठी मोठा प्रकल्प नको. आयआयटी मुंबईत कार्बन पकडून वापरण्यासाठीचे राष्ट्रीय केंद्र आहे, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, भाभा अणुसंशोधन केंद्रात प्लाझ्मावर काम होते आणि धाराशिव शहरात विद्यापीठाचा उपपरिसर आहे. एखाद्या कारखान्याने टाकीवरून एक छोटी नळी काढून द्यावी, उपपरिसरातील विद्यार्थ्यांनी हंगामभर नमुने घ्यावेत, मुंबई-पुण्याच्या यंत्रांवर ते तपासावेत. सामंजस्य कराराच्या छायाचित्रापेक्षा मला ही नळी महत्त्वाची वाटते.

पाणी आणि विजेचे काय?

प्लाझ्मा वापरला तरी हायड्रोजनची गरज टळत नाही. त्या साडेबावीस टन वायूचे पूर्ण मिथेनॉल करायचे तर रोज सुमारे तीन टन हायड्रोजन लागेल. त्यासाठी साधारण २८ हजार लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळपास तीन टँकर. त्यातले एक तृतीयांश पाणी अभिक्रियेत परत मिळते. उसाच्या तहानेपुढे हे किरकोळ असले, तरी एप्रिलमध्ये टँकरवर जगणाऱ्या गावात किरकोळ नाही. वीज मात्र दिवसाला दीड लाख युनिटच्या वर जाते. आपल्या उन्हात ५० मेगावॉटचा सौर प्रकल्प सरासरी सव्वादोन लाखांच्या आसपास युनिट देतो. म्हणजे त्यातली निम्म्याहून अधिक वीज एका मध्यम डिस्टिलरीच्या हायड्रोजनलाच. प्लाझ्माची वीज त्यावर वेगळी, आणि तिचा किती भाग अभिक्रियेला लागतो व किती उष्णता होऊन वाया जातो, हेही पृष्ठभागाच्या अभ्यासातूनच कळेल.

त्यामुळे असा प्रकल्प कोणी व्यासपीठावरून जाहीर केला, तर आधी विचारा: एक किलो इंधनाला किती युनिट, उत्प्रेरक किती तास टिकला, आणि चाचणी सिलिंडरच्या वायूवर झाली की डिस्टिलरीच्या?

गळीत हंगाम साधारण नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतो. पहिल्या दिवसापासून नमुने हवे असतील तर नळी त्याआधी जोडावी लागेल.