वस्तू स्थानिक की दुकान स्थानिक? खरेदीच्या आवाहनामागचा हिशेब

नवी दिल्ली : दसरा-दिवाळीचा हंगाम तोंडावर आला की व्यापारी संघटनांकडून स्थानिक दुकानांतूनच खरेदी करण्याचे आवाहन सुरू होते. गेल्या काही वर्षांत या आवाहनाला सरकारचे पाठबळही लाभले आहे. टाळेबंदीच्या काळात, १२ मे २०२० रोजी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी राष्ट्राला उद्देशून केलेल्या भाषणात ‘व्होकल फॉर लोकल’ची हाक दिली. पुढे ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. त्यानंतर वस्तू व सेवा कराचे (जीएसटी) सुधारित दर लागू होण्याच्या पूर्वसंध्येला, २१ सप्टेंबर रोजी, स्वदेशीचा अभिमान बाळगण्याचे आवाहन पुन्हा झाले. दोन्ही वेळा अपेक्षेचा मुख्य रोख ग्राहकाकडे होता.

ग्राहकाने नेमके काय करावे, हे मात्र या आवाहनांतून पुरेसे स्पष्ट होत नाही. ‘स्थानिक’ या एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या आहेत. एक म्हणजे देशात किंवा परिसरात तयार झालेली वस्तू आणि दुसरी म्हणजे शेजारच्या माणसाने चालवलेले दुकान. गुवाहाटीतील ग्राहकाने अमेरिकी मालकीच्या संकेतस्थळावरून कोल्हापुरी चप्पल मागवली, तर वस्तू स्वदेशी ठरते, पण दुकान नव्हे. त्याच ग्राहकाने कोपऱ्यावरच्या दुकानातून चिनी बनावटीची दिव्यांची माळ घेतली, तर दुकान स्थानिक ठरते, पण वस्तू नव्हे. किराणा दुकानाच्या फळीवरील साबण, टूथपेस्ट आणि शांपूची पाकिटे पाहिली, तर त्यांपैकी बरीच परदेशी मूळ असलेल्या कंपन्यांची असतात. दुकानदार त्यांच्यावरच जगतो.

हा गोंधळ स्वदेशीच्या पहिल्या पर्वात नव्हता. ‘सार्वजनिक काका’ म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी १८७७ च्या दिल्ली दरबारात खादीच्या वेषात गेले, तेव्हा देशी कापड आणि देशी कापडाचे दुकान एकाच बाजूला उभे होते. ७ ऑगस्ट १९०५ रोजी कोलकात्याच्या टाउन हॉलमधील सभेत बहिष्काराचा ठराव झाला, तेव्हाही चित्र तेच होते. त्या काळातील आणखी एक गोष्ट आज विसरली जाते. महाराष्ट्रात अंताजी दामोदर काळे यांच्या पुढाकाराने आणि लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने ‘पैसा फंड’ उभा राहिला आणि लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून तळेगाव येथे काचेचा कारखाना काढण्यात आला. देशी वस्तू घ्या, असे सांगणाऱ्यांनी ती वस्तू तयार करण्यासाठी भांडवलही जमवले होते. आजच्या आवाहनांमध्ये ही दुसरी बाजू ग्राहकाला क्वचितच दिसते.

ग्राहकाच्या खिशाचा विचार केला तर त्याच्यावर बेफिकिरीचा ठपका ठेवणे अन्यायाचे ठरेल. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागात दरडोई सरासरी मासिक खर्च ४,१२२ रुपये, तर शहरी भागात ६,९९६ रुपये होता. त्यातील खाद्यपदार्थांचा वाटा ग्रामीण भागात सुमारे ४७ टक्के आणि शहरांत सुमारे ४० टक्के होता. जिथे महिन्याच्या खर्चातील एवढा भाग स्वयंपाकघरात जातो, तिथे तेलाच्या पिशवीमागे वाचणारे दहा-पंधरा रुपये निर्णायक ठरतात. अशा कुटुंबाने केवळ आपुलकीपोटी महाग दुकान निवडावे, ही अपेक्षा फार काळ टिकणारी नाही.

तीच पिशवी कोपऱ्यावरच्या दुकानात महाग आणि मोबाइलवर स्वस्त का मिळते, हा खरा प्रश्न आहे. वेष्टनबंद मालावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते आणि कायद्याने दुकानदाराला तिच्या वर जाता येत नाही. नामांकित मालावर त्याला सुटणारा नफा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतो. त्यातूनच भाडे, वीजबिल, नोकराचा पगार आणि खराब होणारा माल भागवायचा असतो. सवलत द्यायची म्हटली तर ती याच दहा टक्क्यांतून द्यावी लागते. मोठी साखळी दुकाने आणि ऑनलाइन मंच कंपन्यांकडून थेट आणि प्रचंड प्रमाणात माल उचलतात, त्यामुळे त्यांना मिळणारा दर मुळातच वेगळा असतो. शिवाय ऑनलाइन मंचांना जाहिरातींचे उत्पन्न असते आणि गुंतवणूकदारांचा पैसा वर्षानुवर्षे तोटा सोसू शकतो. दुकानदाराच्या मागे असा सोसणारा कोणी नसतो.

या दरभेदाचा वाद महाराष्ट्राने जवळून पाहिला आहे. घाऊक ऑनलाइन मंचांना कंपन्या आपल्यापेक्षा स्वस्त दराने माल देतात, अशी तक्रार करीत ‘ऑल इंडिया कन्झ्युमर प्रॉडक्ट्स डिस्ट्रिब्युटर्स फेडरेशन’ या वितरकांच्या संघटनेने २०२१ च्या अखेरीस असहकाराचा इशारा दिला. जानेवारी २०२२ पासून राज्यातील वितरकांनी कोलगेटच्या काही उत्पादनांचे वितरण थांबवले. तेव्हाची मागणी साधी होती. सर्व विक्री मार्गांना समान दर मिळावा, एवढेच वितरकांचे म्हणणे होते. तो वाद कंपन्या आणि वितरक यांच्यातील चर्चेचाच विषय राहिला. समान दराचे बंधन घालणारा नियम त्यातून आला नाही.

स्पर्धा कायदाही येथे मर्यादितच उपयोगी पडतो. प्रतिस्पर्ध्याला संपवण्यासाठी खर्चाहून कमी दराने विकण्यास २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या चौथ्या कलमाने मनाई केली आहे, परंतु ही मनाई बाजारात वर्चस्व असलेल्या कंपनीपुरतीच आहे. दहा मिनिटांत घरपोच सेवा देणाऱ्या तीन-चार कंपन्या एकमेकींशी झुंजत असतील, तर त्यांपैकी कोणा एकीचे वर्चस्व सिद्ध करणे कठीण असते. त्यांच्या झुंजीत चिरडला जाणारा किराणा दुकानदार मात्र कायद्याच्या चौकटीत कुठेच दिसत नाही.

परकी गुंतवणुकीवरील निर्बंधांनी दुकानदाराचे रक्षण होईल, असे एके काळी मानले जात होते. फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनुसार परकी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन मंचाला स्वतःचा मालसाठा विकता येत नाही. त्याने फक्त विक्रेता आणि ग्राहक यांची गाठ घालून द्यायची असते. निवडक विक्रेत्यांना झुकते माप दिले जात असल्याच्या दिल्लीतील व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला. मात्र आता हे कुंपण वेगळ्याच मार्गाने ओलांडले जात आहे. ब्लिंकिटची मालकी असलेल्या इटर्नल कंपनीने २०२५ मध्ये परकी भागधारणेवर ४९.५ टक्क्यांची मर्यादा घालून घेतली. कंपनी ‘भारतीय मालकीची’ ठरली की मालसाठा स्वतः बाळगण्याची मुभा मिळते. म्हणजे दुकानदाराचा सर्वांत वेगवान प्रतिस्पर्धी आता कागदोपत्री स्वदेशीच आहे. डी-मार्ट आणि रिलायन्सची दुकाने तर आधीपासूनच देशी भांडवलाची आहेत. स्वदेशीच्या कसोटीवर हे सारे उत्तीर्ण होतात आणि गल्लीतल्या दुकानदाराची अडचण जशीच्या तशी राहते.

ही अडचण किती मोठी आहे, यावर एकमत नाही. उपरोक्त वितरक संघटनेने २०२४ मध्ये वर्षभरात सुमारे दोन लाख किराणा दुकाने बंद पडल्याचा दावा केला होता. दावा करणारी संघटना या वादातील एक पक्ष आहे, हे ध्यानात ठेवावे लागते. दुसरीकडे, अनिगमित बिगरशेती क्षेत्राच्या सरकारी सर्वेक्षणात अशा आस्थापनांची संख्या २०२२-२३ मधील ६.५० कोटींवरून २०२३-२४ मध्ये ७.३४ कोटींवर गेल्याचे दिसते. यात उत्पादन, व्यापार आणि सेवा या तिन्ही प्रकारची छोटी आस्थापने येतात. त्यामुळे किराणा दुकानांचे चित्र त्यातून थेट निघत नाही. संख्या वाढणे हे नेहमी भरभराटीचेच लक्षण असते असेही नाही. पगाराची नोकरी न मिळालेला माणूस घराच्या ओट्यावर टपरी टाकतो, तेव्हाही आस्थापना एकाने वाढते.

किराणा दुकान टिकून आहे ते अशा एका सेवेमुळे, जिची किंमत पावतीवर छापलेली नसते. महिनाअखेरीपर्यंतची उधारी, पाच रुपयांची सुटी चहापत्ती, घरी एकट्या असलेल्या वृद्धांना पोहोचवलेले सामान हे सारे तिच्यात येते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागताच ऑनलाइन मंचांची घरपोच सेवा कोलमडली, तेव्हा शहरांची चूल याच दुकानांनी पेटती ठेवली. त्यानंतर २ जुलै २०२१ रोजी किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या व्याख्येत स्थान मिळाले, ते केवळ प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरते. त्याच कायद्यातील ४५ दिवसांत देयक चुकते करण्याच्या तरतुदीचे संरक्षण सूक्ष्म व लघू उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे, व्यापाऱ्यांना नाही. मोठ्या साखळी दुकानाला माल पुरवून तीन-तीन महिने पैशांची वाट पाहणारा छोटा घाऊक व्यापारी या तरतुदीकडे बोट दाखवू शकत नाही.

परदेशांतील अनुभवही बोलका आहे. अमेरिकेत ‘स्मॉल बिझनेस सॅटरडे’ हा छोट्या दुकानांतून खरेदीचा दिवस २०१० मध्ये अमेरिकन एक्सप्रेस या कार्ड कंपनीने सुरू केला. कार्ड जितके वापरले जाईल तितके त्या कंपनीचे उत्पन्न वाढते, हा भाग वेगळा. फ्रान्सने पुस्तकांच्या दुकानांसाठी दुसरा मार्ग धरला. १९८१ च्या कायद्याने पुस्तकाच्या निश्चित किमतीवर पाच टक्क्यांहून अधिक सवलत देण्यास तेथे बंदी आहे. ऑनलाइन विक्रेते जवळजवळ फुकट घरपोच सेवा देऊन ही बंदी निष्प्रभ करू लागले, तेव्हा ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोंपेक्षा कमी किमतीच्या पुस्तक खरेदीवर किमान तीन युरो पोहोच शुल्क सक्तीचे करण्यात आले. ग्राहकाला तीन युरो अधिक मोजावे लागतात, हा या उपायाचा उघड दोष आहे. तरी दुकानाने आणि संकेतस्थळाने कोणत्या अटींवर स्पर्धा करावी, हे तेथे संसदेने ठरवले. ग्राहकाच्या सदिच्छेवर सोडले नाही.

भारतात अटी ठरवणारे नियम अनेकदा छोट्यांवरच उलटतात. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआय व्यवहारांच्या नोंदींवरून हजारो छोट्या विक्रेत्यांना नोटिसा पाठवल्या. जीएसटी नोंदणीसाठी वस्तू विक्रेत्यांना वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीची मर्यादा आहे. मात्र नोटिसांच्या फेऱ्यात दूध आणि भाजीपाला यांसारख्या करमुक्त वस्तू विकणारेही सापडले. बंगळुरूतील अनेक गाड्यांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. मागील थकबाकी वसूल केली जाणार नाही, असे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी जाहीर केल्यानंतर वातावरण निवळले. डिजिटल व्यवहारांचा आग्रह ज्या विक्रेत्याला धरला गेला, त्याच्यासाठी त्याचा मोबाइल काही आठवडे धोक्याची घंटा ठरला होता.

पदपथावरील विक्रेत्याची स्थिती आणखी विचित्र आहे. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम स्वनिधी’ योजनेची मुदत केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये मार्च २०३० पर्यंत वाढवली आणि कर्जाचे टप्पे १५ हजार, २५ हजार आणि ५० हजार रुपये असे केले. परंतु माल घेण्यासाठी कर्ज मिणाऱ्याला तो विकायला जागा लागते. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने ही जागा ठरवण्याच्या प्रक्रियेत नगर पथविक्रेता समितीला स्थान दिले असून, तिच्यातील किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असणे बंधनकारक आहे. मुंबईत या प्रतिनिधींसाठी मतदान झाले ते कायद्यानंतर दहा वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये.

स्थानिक वस्तूच्या बाजूनेही असाच एक अडसर आहे आणि तो महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना थेट जाणवतो. इंदूर, बडोदा किंवा हैदराबाद येथील घराला गोडा मसाला, पापड किंवा लोणचे एखाद्या गावातील महिला बचत गटाकडूनच घ्यायचे असले, तरी ऑनलाइन मंचावर तो गट सहसा सापडत नाही. उलाढाल मर्यादेच्या आत असल्याने जीएसटी नोंदणी नसलेल्या विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन मंचांवर विक्रीची मुभा मिळाली, मात्र ती स्वतःच्या राज्यापुरतीच. राज्याची सीमा ओलांडायची तर नोंदणी, मासिक किंवा तिमाही विवरणपत्रे आणि हिशेबनीस आलाच. मोठ्या ब्रँडच्या मसाल्याला या खर्चाची झळ लागत नाही. दहा महिलांच्या गटाला लागते. ३ सप्टेंबर २०२५ रोजी झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५६ व्या बैठकीत ऑनलाइन मंचांवरून एकाहून अधिक राज्यांत विक्री करणाऱ्या छोट्या पुरवठादारांसाठी सुलभ नोंदणीच्या कल्पनेला तत्त्वतः मान्यता देण्यात आली आणि तिचा तपशील नंतर परिषदेपुढे मांडण्याचे ठरले.