पेन विकणारे आणि पेसमेकर विकणारे

केंद्र सरकारच्या औषधनिर्माण विभागाने सप्टेंबर २०२४ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या विपणनासाठी एकसमान आचारसंहिता जाहीर केली. डॉक्टरांना भेटवस्तू देऊ नयेत, उपकरणाविषयीचे दावे पुराव्यावर आधारलेले असावेत, ही तिची प्रमुख कलमे. ही उद्योगजगताची बातमी आहे असे समजून विज्ञानाचा विद्यार्थी ती ओलांडून पुढे जाईल. तथापि ज्या नोकऱ्यांना ती लागू होते त्यांतील अनेक आज भौतिकशास्त्राच्या आणि जैववैद्यकीय अभियांत्रिकीच्या पदवीधरांसमोर येत आहेत. शिवाय संहिता पाळणारी माणसे कंपनीत येणार की मोडणारी, हे कोणत्याही नैतिकता समितीपुढे ठरण्याआधी मुलाखतीच्या खोलीत ठरलेले असते.

या पदांची नावे निरनिराळी असतात: क्लिनिकल स्पेशालिस्ट, ॲप्लिकेशन स्पेशालिस्ट, क्लिनिकल सेल्स एक्झिक्युटिव्ह. काम मात्र बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. पेसमेकर बसवला जात असताना शस्त्रक्रियागृहात कंपनीचा प्रतिनिधी अनेकदा उपस्थित असतो. हृदयाचा ठोका उमटण्यासाठी किमान किती व्होल्टेज लागते, तारेचा विद्युतरोध किती आहे, हे तो मोजतो आणि डॉक्टरांना सांगतो. टेबलावरच्या रुग्णाला या माणसाचे नावही माहीत नसते.

चेन्नई हे या व्यवसायाचे मोठे केंद्र. सेंट्रल स्थानकासमोरचे राजीव गांधी शासकीय रुग्णालय, ग्रीम्स रोडवर १९८३ मध्ये सुरू झालेले अपोलो, आयआयटी मद्रासचे आरोग्य तंत्रज्ञान केंद्र हे सारे एकाच शहरात आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेली कृत्रिम हृदयझडप ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम रुग्णात बसवण्यात आली. तिचे व्यापारी उत्पादन चेन्नईच्या टीटीके समूहाने केले. कोबाल्ट-क्रोमियमचे कडे आणि त्यात कलणारी पॉलिएथिलिनची चकती, इतकी तिची रचना साधी दिसते. ती झडप कोणत्या आकाराची निवडावी आणि कड्याची दिशा कशी ठेवावी, हे समजून सांगणारा माणसूही तितकाच जाणकार असावा लागतो.

अशा कामासाठी येथे होणाऱ्या मुलाखतीत बहुधा पहिला प्रश्न असतो, ‘तमिळ येते का?’ पुण्या-मुंबईहून गेलेल्या उमेदवाराला तो खटकतो; पण प्रश्न रास्त आहे. सर्जन इंग्रजी बोलतात. परिचारिका, तंत्रज्ञ आणि भांडारपाल यांच्याशी तमिळमध्येच बोलावे लागते, आणि उपकरण रोज हाताळणारे तेच असतात. त्यानंतर मात्र हमखास येतो तो जुना खेळ: ‘हे पेन मला विकून दाखवा.’

हा खेळ बंद झाला पाहिजे. पेन फसवे निघाले तर दहा रुपये जातात. शिवाय तमिळनाडूतील शासकीय रुग्णालयांची खरेदी मोठ्या प्रमाणावर १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैद्यकीय सेवा महामंडळाच्या निविदांमधून होते. तेथे गोड बोलण्यापेक्षा तांत्रिक तपशील अचूक वाचता येणे अधिक उपयोगी पडते. पेन विकण्याची परीक्षा आत्मविश्वास मोजते, आणि शस्त्रक्रियागृहात अज्ञानासह आलेला आत्मविश्वास हाच सर्वांत धोकादायक गुण होय.

त्याऐवजी काय विचारावे? समजा उमेदवाराला सांगितले, ‘या रुग्णालयाला ३ टेस्लाचे एमआरआय यंत्र विका.’ पाठांतर केलेला उमेदवार म्हणेल, क्षेत्र दुप्पट, प्रतिमा अधिक स्पष्ट. विषय समजलेला उमेदवार आधी विचारेल, येथे येणारे रुग्ण कोण? क्षेत्र दुप्पट झाले की शरीरात शोषली जाणारी रेडिओलहरींची ऊर्जा सुमारे चौपट होऊ शकते. शरीरातील धातूभोवती प्रतिमेची विकृती वाढते. अनेक जुन्या रोपणांना मान्यता केवळ १.५ टेस्लापर्यंतच आहे. अस्थिरोग विभाग मोठा असेल तर तेथे कमी क्षमतेचे, स्वस्त यंत्रच योग्य ठरू शकते. हे उत्तर ऐकून मुलाखतकाराचा चेहरा उजळतो की पडतो, यावरून त्या कंपनीविषयी पुष्कळ काही कळते.

पेसमेकरचेही तसेच. तारेचा विद्युतरोध अचानक वाढला तर काय समजावे? तार तुटली असेल किंवा जोड सैल असेल. एकाएकी उतरला तर? आवरण फाटले असेल. हे कोणत्याही पुस्तकात सापडते. खरा प्रश्न पुढचा आहे: घाईत असलेले ज्येष्ठ सर्जन म्हणाले, ‘आकडा ठीक आहे, टाके घालू या,’ आणि तो आकडा तुम्हाला ठीक वाटत नाही, तुम्ही कोणत्या शब्दांत थांबवाल? मोजमापातील त्रुटी न लपवण्याची सवय ज्याला प्रयोगशाळेत लागली आहे, त्याच्यापाशी याचे उत्तर असते. ते मोठ्याने म्हणण्याचे धैर्य असेलच असे नाही. मुलाखतीने शोधावे ते हे धैर्य.

पीएच.डी. झालेल्या उमेदवाराला दोन्हीकडून टोचणी मिळते. मुलाखतकार विचारतो, ‘संशोधन जमले नाही म्हणून आलात का?’ घरचे विचारतात, ‘इतके शिकून सेल्समन?’ दोघांचाही समज एकच, की विज्ञान प्रयोगशाळेच्या दाराशी संपते. ते खरे असते तर खुब्याच्या एएसआर सांध्याची कहाणी वेगळी झाली असती. धातूवर धातू घासणारा तो सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवण्यात आला. झिजेतून सुटणारे कोबाल्ट आणि क्रोमियम रुग्णांच्या रक्तात पोहोचत होते. भारतातील रुग्णांसाठी नुकसानभरपाईचे सूत्र जाहीर व्हायला २०१८ उजाडले. घर्षण आणि झीज हे पदवीच्या अभ्यासक्रमातील विषय आहेत. त्या वर्षांत सांधा घेऊन शस्त्रक्रियागृहात उभ्या असलेल्या किती प्रतिनिधींना त्याविषयी शंका विचारण्याची मुभा होती, हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे.

म्हणून उमेदवारानेही काही प्रश्न घेऊन जावे. वेतनाचा किती भाग विक्रीच्या लक्ष्यावर अवलंबून आहे? एखाद्या रुग्णासाठी आमचे उपकरण योग्य नाही असे प्रतिनिधीने डॉक्टरांना सांगितले, तर त्या महिन्याच्या हिशेबात त्याचे काय होते? उपकरणामुळे झालेल्या इजेची नोंद कोण करतो, आणि ती विक्री व्यवस्थापकाच्या हातून जाते का? चेन्नईच्या एखाद्या काचेच्या इमारतीत, चौथ्या फेरीच्या शेवटी, ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे म्हटले जाते तेव्हा बहुतेक उमेदवार रुजू होण्याची तारीख विचारतात.