पात्र, साक्षीदार आणि जामीनदार

गेल्या महिन्यात एका सायंकाळी पालमच्या आमच्या घरी माझी नात समानार्थी शब्दांची वही घेऊन माझ्यापुढे बसली. ती इयत्ता पाचवीत असून नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेची तयारी करीत आहे. ‘पाणी म्हणजे जल, नीर, उदक, तोय, सलिल, जीवन’ असे ती एका दमात म्हणून गेली. नुकताच मोंढ्यातून परतलेला तिचा बाप कौतुकाने ऐकत होता. मी तिला सहज एक वाक्य दिले, ‘उन्हाळ्यात गोदावरीचे पात्र कोरडे पडते’, आणि विचारले, ‘बाळ, येथे पात्र म्हणजे काय?’ क्षणाचाही विलंब न लावता ती उत्तरली, ‘भांडे!’ बाप मोठ्याने हसला. मुलीचे डोळे भरून आले. ‘आजोबा, वहीत तर हेच लिहिलेले आहे. मग वही खोटी आहे का?’

वाचकहो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गोदावरी आमच्या तालुक्यातून वाहते आणि ही मुलगी ते पात्र जन्मापासून पाहत आलेली आहे. तरीही परीक्षेचे नाव निघताच तिने डोळ्यांसमोरची नदी सोडली आणि वहीतले भांडे धरले. हा दोष तिचा नसून तिच्याकडून केवळ पाठांतर करवून घेणाऱ्या आम्हा मोठ्यांचा आहे.

जवाहर नवोदय विद्यालयांचा आरंभ १९८५-८६ मध्ये दोन विद्यालयांनी झाला. एक हरियाणातील झज्जर येथे आणि दुसरे आपल्या महाराष्ट्रात अमरावती येथे. ग्रामीण भागातील गुणी मुलांना उत्तम निवासी शिक्षण मिळावे हा त्यामागील हेतू. म्हणूनच किमान ७५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी आणि एकतृतीयांश जागा मुलींसाठी असतात. सहावीच्या वर्गात एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० मुले घेतली जातात आणि ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते. दोन तासांत ८० प्रश्न आणि १०० गुण, म्हणजे प्रत्येक प्रश्नास सव्वा गुण, असे तिचे अलीकडचे स्वरूप आहे. चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये.

यांपैकी भाषेचे २० प्रश्न २५ गुणांचे, आणि त्यासाठी अर्धा तास. चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न. समानार्थी शब्द विचारला जातो तो उताऱ्यातीलच. येथेच वहीचे पाठांतर अपुरे पडते. ‘पात्र’ हा शब्द स्वयंपाकघरात भांडे असतो, नाटकात भूमिका असतो, नदीजवळ प्रवाहाची जागा असतो आणि ‘दानास पात्र’ म्हटले की योग्य व्यक्ती असतो. आपल्या घरांत सुपात्रदानाचा विषय निघाला, तर कोणी भांड्यांचा विचार करीत नाही. ‘पक्ष’ म्हणजे पंख, पंधरवडा आणि राजकीय गट. ‘कर’ म्हणजे हात आणि सरकारात भरावयाचा महसूल. कोणता अर्थ घ्यावयाचा हे शेजारचे शब्द सांगतात.

शब्दाचा नेमका अर्थ न कळल्याने काय घडते, हे मी बँकेच्या नोकरीत फार जवळून पाहिले आहे. एका लहान गावातील शाखेत मी होतो. एका शेतकऱ्याच्या कर्जप्रकरणी गावातील एक किराणा दुकानदार आला आणि मी दाखविलेल्या जागी त्याने सही केली. दोन-तीन वर्षांनी कर्ज थकले आणि त्याला नोटीस गेली. तो शाखेत आला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. ‘साहेब, मी तर साक्षीदार म्हणून सही केली होती.’ कागदावर शब्द होता ‘जामीनदार’. त्याच्या समजुतीप्रमाणे दोन्ही सारखेच होते. दुसऱ्याच्या कामी सही करणारा भला माणूस, एवढाच त्याचा अर्थ. परंतु साक्षीदार केवळ सही आपल्यासमोर झाल्याचे सांगतो, तर जामीनदार त्या कर्जाला बांधला जातो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरलेले नसेल तर जामीनदाराचे दायित्व मूळ कर्जदाराइतकेच असते. त्या गृहस्थाने हप्त्याहप्त्याने ती रक्कम भरली. नियमाप्रमाणे माझे काही चुकले नव्हते. तरी दोन मिनिटे खर्चून मी त्याला त्या दोन शब्दांतील अंतर सांगितले नाही, ही बोच निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

आपण व्यापारी माणसे. आपल्या मुलांना शब्दांचे हे अंतर शिकविण्यासाठी दुकानाइतकी चांगली शाळा नाही. शेजारून वाटीभर साखर आणली आणि साखरच परत केली, तर ते उसने. माल आज नेला आणि पैसे पुढे देण्याचे ठरले, तर ती उधारी. रक्कम घेऊन व्याजासह फेडावयाची, तर ते कर्ज. आणि मातापित्यांचे जे कधीच फिटत नाही, त्याला आपण उधारी म्हणत नाही, ऋण म्हणतो. गहाण ठेवलेला दागिना देणाऱ्याच्या ताब्यात जातो, तर नजरगहाण असलेला माल व्यापाऱ्याच्या दुकानातच राहतो. गल्ल्याजवळ बसलेल्या मुलाला हे सांगितले की पुन्हा पाठ करवून घ्यावे लागत नाही.

समानार्थी शब्दांचा अभ्यास आपल्या परंपरेला नवीन नाही. ‘तिलकमंजरी’चा कर्ता कवी धनपाल याने विक्रम संवत १०२९ मध्ये, म्हणजे इ. स. ९७२ च्या सुमारास, धारानगरीत ‘पाइयलच्छीनाममाला’ हा प्राकृत समानार्थी शब्दांचा कोश रचला, तो आपल्या धाकट्या बहिणीसाठी, सुंदरीसाठी. त्याच सुमारास माळव्याच्या राजाने राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट लुटली होती आणि कवीने त्या घटनेचा उल्लेखही केला आहे. राज्ये उलथत असताना एक भाऊ बहिणीसाठी शब्द जुळवीत बसला होता. पुढे बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘अभिधानचिंतामणी’ हा सहा कांडांचा समानार्थी शब्दकोश संस्कृतात सिद्ध केला आणि लोकांच्या तोंडच्या देशी शब्दांसाठी ‘देशीनाममाला’ निराळी रचली.

नातीच्या प्रश्नाचे उत्तरही मला आपल्याच नयविचारात सापडले. सात नयांपैकी शब्दनय इंद्र, शक्र आणि पुरंदर या शब्दांचा अर्थ एकच मानतो. समभिरूढ नय मात्र म्हणतो की शब्द वेगळा, म्हणून अर्थही वेगळा. ऐश्वर्यामुळे इंद्र, सामर्थ्यामुळे शक्र आणि पुरांचा भेद केला म्हणून पुरंदर. एक नय खरा आणि दुसरा खोटा असे नव्हे. एक साम्य दाखवितो, दुसरा भेद. मी नातीला म्हणालो, ‘वही खोटी नाही, पण ती अर्धीच आहे. उरलेली अर्धी तू लिहावयाची.’

त्या दिवसापासून आम्ही पद्धत बदलली. रोज पाचच शब्द घेतो. प्रत्येक शब्दाचे वाक्य तिने स्वतःच्या पाहण्यातले करावयाचे. मग त्या वाक्यात समानार्थी शब्द ठेवून मोठ्याने वाचावयाचे. कानाला खटकले की तो तेथे चालत नाही. ‘मला प्यायला जीवन दे’ हे वाक्य वाचून ती स्वतःच खळखळून हसली आणि पाण्याचे सगळे शब्द सर्वत्र चालत नाहीत हे तिचे तिलाच उमगले. आठवड्यातून दोनदा घड्याळ लावून चार उतारे सोडवितो. एका उताऱ्यास साडेसात मिनिटे. चुकलेल्या शब्दांचे पान वेगळे. बँकेत आम्ही थकीत खात्यांची यादी ठेवीत असू, तशीच ही यादी. खाते नियमित झाले की नाव कमी करावयाचे.

सौभाग्यवती आणि सूनबाई यांना काळजी निराळीच आहे. निवड झालीच तर वसतिगृहात चौविहार कसा पाळला जाईल, कंदमुळांचे काय, आणि एवढीशी पोर घराबाहेर कशी राहील? ही काळजी रास्त आहे. तिचा निर्णय घरातील सर्वांनी मुलीला जवळ बसवून, तिचे म्हणणे ऐकून, परीक्षेपूर्वीच घ्यावा. निकालानंतर तो घेणे म्हणजे कष्ट तिचे आणि नकार आपला.

आणखी एक गोष्ट पालकांना आवर्जून सांगतो. जागा थोड्या आणि परीक्षार्थी फार, त्यामुळे मेहनती मुलांचीही नावे यादीत नसतील. त्या दिवशी आपण काय बोलतो ते मूल आयुष्यभर लक्षात ठेवते. ‘अपयश’ आणि ‘नालायकी’ हे समानार्थी शब्द नाहीत, एवढे तरी आपण पाठ करून ठेवावे.

माझ्या मुलाला मी एवढेच सुचविले की दुकान बंद केल्यावर पंधरा मिनिटे मुलीजवळ बसावे आणि तिची वाक्ये ऐकावीत. तो आता बसतो. परवा तिनेच त्याला विचारले, ‘पप्पा, विश्वास आणि भरवसा यांत फरक काय?’ तो बराच वेळ विचार करीत राहिला. आपल्या घरी आज हा प्रश्न मांडून पाहावा.