देणारा हात मुलाचा असावा

७ डिसेंबर जवळ आला की शाळेत ध्वजदिन निधीचे कागदी झेंडे वाटले जातात. सैनिक व माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी १९४९ पासून हा निधी जमा होतो. कधी पूरग्रस्तांसाठी डबा फिरतो. मूल घरी येऊन सांगते, “अब्बा, शाळेत वीस रुपये मागितलेत.” अब्बा खिशात हात घालतात, मूल पैसे नेऊन देते. दान अब्बांचे झाले. मुलाने फक्त पोचते केले.

म्हणून आधी मुलाला विचारावे, “यात तुझे किती?” ईदीतले पाच रुपये चालतील, एका दिवसाची कुल्फी सोडली तरी चालेल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहांतील सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी त्यांनी मुष्टिफंड सुरू केला. घरातल्या बाईने रोज एक मूठ धान्य बाजूला काढायचे, एवढेच. ही मूठ गरिबाघरीही निघत असे.

पैसा नसेल तर श्रम द्यावेत. वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत संत सेवालाल महाराजांच्या दर्शनासाठी दूरदूरहून बंजारा भाविक येतात. विदर्भाचे ऊन तेव्हा तापलेले असते. पुढे पाणीही विकले जाईल, असे महाराजांनी सांगून ठेवल्याचे बंजारा समाजात म्हणतात. आपल्याकडे हजरत उस्मान (रजि.) यांनी मदीनेची रूमा विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली होती. दहावीची परीक्षा तोवर बहुधा आटोपलेली असते. आसपासच्या शाळांनी, उर्दू शाळांनीही, शिक्षकांच्या देखरेखीखाली यात्रेच्या वाटेवर पाण्याचे रांजण भरायला मुले पाठवली तर? तहानलेल्याला पाणी देताना त्याचा धर्म विचारायचा नसतो, हे मुले तिथे आपोआप शिकतील.

शिक्षकांना एक विनंती. कोणी किती दिले, ही यादी वर्गात वाचू नका. मजुराचे मूल खाली मान घालून बसते आणि पुढच्या वेळी खोटे कारण सांगून घरीच राहते. बंद पाकीट ठेवा, त्यावर नाव नको. मदत घेणाऱ्या मुलाचा फोटोही काढू नका. उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून आपला सदका वाया घालवू नका, अशी ताकीद कुरआनच्या सूरह बकराहमध्ये आहे.

घरच्यांनीही एक फरक समजावून सांगावा. जकात कोणाला द्यायची ते कुरआनने ठरवून दिले आहे. ती रक्कम शाळेच्या कोणत्याही डब्यात टाकता येत नाही. ऐच्छिक सदका मात्र कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येतो. मूल वयात आले, त्याच्या नावावर निसाबाइतके सोने किंवा रक्कम वर्षभर राहिली, तर जकात त्याच्यावरही फर्ज होते. येत्या रमजानमध्ये हिशेब करताना मुलाला शेजारी बसवा, अडीच टक्के त्यालाच काढू द्या. मग ते कोणाला द्यायचे, हेही त्याला विचारा.